‘होय’च्या भाषेचा कवी : फ्रेडरिक मिस्त्राल

फ्रान्सच्या आग्नेयेस भूमध्य समुद्राकाठी प्रोव्हान्स नावाचा प्रदेश आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात रोमनांनी तो जिंकला आणि त्याला ‘प्रोव्हिन्सिया’, म्हणजे नुसता ‘प्रांत’ म्हटले. राज्यकर्त्यांनी दिलेले हे नाव कायमचे चिकटले. भाषेचे नाव मात्र लोकांच्या तोंडून आले. दक्षिणेकडे ‘होय’ला ‘ओक’ म्हणत, म्हणून ती ओकची भाषा, ऑक्सितान. मध्ययुगात त्रुबादूर कवींनी ती दरबारांत गाजवली. पुढे १४८१ मध्ये प्रोव्हान्स फ्रेंच राजाकडे वारशाने गेला. १५३९ च्या फर्मानाने कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच आली आणि जुनी भाषा हळूहळू शेतापुरती व चुलीपुरती उरली.

अशा प्रदेशात, मायान या खेड्यात, ८ सप्टेंबर १८३० रोजी मिस्त्राल यांचा जन्म झाला. वडील सुखवस्तू शेतकरी. घरची बोली प्रोव्हान्साल, शाळेची भाषा फ्रेंच. आव्हिन्यों येथे शिकताना जोसेफ रूमानीय या तरुण शिक्षकाच्या कविता त्यांनी ऐकल्या आणि आपल्या बोलीतही काव्य होते, अशी त्यांची खात्री पटली. १८५१ मध्ये ते कायद्याची पदवी घेऊन परतले. वकिली करून शहरात नाव काढता आले असते. पण त्यांनी गावी राहून मायबोलीची सेवा पत्करली.

१८५४ मध्ये मित्रांसह त्यांनी ‘फेलिब्रिज’ ही संस्था स्थापन केली. १८५९ मध्ये ‘मिरेयो’ हे महाकाव्य प्रसिद्ध झाले. त्याची नायिका कोणी राजकन्या नव्हे, शेतकऱ्याची मुलगी आहे. तिचे प्रेम बुरुडाच्या गरीब मुलावर बसते. नंतर वर्षानुवर्षे खपून त्यांनी सगळ्या ओक बोलींचा दोन खंडांचा शब्दकोश सिद्ध केला. १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. ती रक्कम त्यांनी आर्ल येथील लोकजीवनाच्या संग्रहालयासाठी खर्च केली. २५ मार्च १९१४ रोजी मायान येथेच त्यांचे निधन झाले.

एवढे करूनही भाषा वाचली काय? शाळांत तिला कायद्याने थोडी जागा मिळाली ती १९५१ मध्ये. तोवर अनेक घरांत आईबापच मुलांशी फ्रेंच बोलू लागले होते. म्हणजे एकट्या कवीने भाषा तरत नाही.

आपल्यापैकी कित्येकजण घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलो आहोत. सुट्टीत घरी गेल्यावर आईचे शब्द दुरुस्त करण्याचा मोह आपल्याला होतो. मिस्त्राल यांच्याकडेही पदवी होती. त्यांनी गावकऱ्यांचे शब्द दुरुस्त केले नाहीत; ते लिहून ठेवले.