रक्ताच्या नात्यापलीकडची आई : जोसेफिन बेकर

जोसेफिन बेकर हे नाव आपल्याकडे घेतलेच तर पॅरिसची नर्तकी म्हणून घेतले जाते, तेही तिच्या केळ्यांच्या कमरपट्ट्यापुरते. चळवळीच्या वाचकांनी तिच्याकडे दुसऱ्याच कारणासाठी पाहावे, असे आम्हाला वाटते. गोऱ्यांच्या अमेरिकेने जिला माणूस मानायचे नाकारले, त्या काळ्या बाईने वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या वर्णांची बारा मुले दत्तक घेऊन एका छपराखाली वाढवली. वंश आणि रक्त यांच्या नावाने माणसाची किंमत ठरवणाऱ्यांना तिने दिलेले हे उत्तर होते. ते सगळेच्या सगळे बरोबर होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

३ जून १९०६ रोजी मिसुरी राज्यातील सेंट लुईस शहरात तिचा जन्म झाला. आई लोकांचे कपडे धुऊन घर चालवी. आठव्या वर्षी पोर गोऱ्यांच्या घरी कामाला लागली. कपड्यांना साबण जास्त वापरला म्हणून एका मालकिणीने तिचे हात भाजले. १९१७ च्या जुलैत नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईसमध्ये गोऱ्या जमावाने काळ्यांच्या वस्त्या पेटवल्या, माणसे मारली. जीव घेऊन पळत आलेली माणसे अकरा वर्षांच्या जोसेफिनने पाहिली. वस्ती पेटते म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

१९२५ साली ती पॅरिसला गेली आणि पाहता पाहता युरोपभर गाजली. १९३७ मध्ये फ्रेंच नागरिक झाली. महायुद्धात नाझींविरुद्ध तिने हेरगिरी केली. संगीताच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेली माहिती सीमेपार गेली. याच काळात मोरोक्कोत ती गंभीर आजारी पडली, शस्त्रक्रिया झाली आणि स्वतःचे मूल होण्याची आशा संपली.

१९५१ मध्ये ती अमेरिकेत कार्यक्रमांसाठी परतली, तेव्हा मायामीच्या क्लबशी करार करताना तिने अटच घातली, की प्रेक्षकांत वर्णभेद चालणार नाही. वकील म्हणून आम्हाला ही अट फार मोलाची वाटते. भाषणात समता सगळेच मागतात, करारात लिहून घेणारे थोडे!

१९५४ साली ती जपानला गेली. ओइसो येथे सावादा मिकी यांनी एक बालगृह चालवले होते. अमेरिकन सैनिक आणि जपानी स्त्रिया यांची टाकून दिलेली मुले तेथे वाढत. बापाच्या देशाला ती नको होती आणि आईच्या समाजालाही नको होती. गावकुसाबाहेरचा हा नवा प्रकार! तेथून जोसेफिनने दोन मुलगे घेतले. पुढे फिनलंड, कोलंबिया, फ्रान्स, अल्जीरिया, आयव्हरी कोस्ट, व्हेनेझुएला, मोरोक्को अशी मुले येत गेली. दहा मुलगे, दोन मुली. दक्षिण फ्रान्समधील मिलांद येथील जुन्या किल्लेवजा वाड्यात हे कुटुंब राहू लागले. तिने त्याला इंद्रधनुष्याची टोळी असे नाव दिले.

येथेच आमचा आक्षेप सुरू होतो. सगळी माणसे एक आहेत हे सिद्ध करण्यासाठी तिने मुलांना वेगवेगळे धर्म वाटून दिले. जपानहून आलेल्या एकाला बौद्ध, दुसऱ्याला शिंतो. एकाला ज्यू. अल्जीरियाच्या दोघांपैकी मुलगा मुसलमान, मुलगी कॅथलिक. शिवाय तिकीट काढून मिलांद पाहायला येणाऱ्या पर्यटकांपुढे ही मुले दिसत राहिली. वंशाची भिंत पाडायला निघालेल्या आईने लेकरांच्या गळ्यात पुन्हा पाट्याच अडकवल्या. अल्जीरियाची मुले घरी आली ते वर्ष १९५६. त्याच वर्षी नागपूरला लाखो जाणत्या माणसांनी स्वतः विचार करून धम्म स्वीकारला. धर्म वाटून देणे आणि धर्म निवडणे यांतला फरक एवढा मोठा आहे.

तिला दोष देताना आपले कायदेही पाहिले पाहिजेत. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पंधराच दिवसांनी, २१ डिसेंबर १९५६ रोजी, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा झाला. बौद्धाने मूल दत्तक घ्यायचे तर आजही याच नावाच्या कायद्याखाली यावे लागते, नाहीतर बाल न्याय कायद्याची वाट धरावी लागते. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीने का होईना, स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क मिळायला २०१० उजाडले. परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले, की आधी देशातच घर शोधा. जोसेफिनच्या काळी जगात असा नियम नव्हता. हेगचा करार १९९३ चा. तेव्हा हातात पैसा आणि नाव असले की मूल मिळे. आणि आपल्याकडे? अनाथाश्रमात मूल पाहायला गेलेले जोडपे आजही हळूच जात विचारते.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात ती फ्रेंच मुक्तिसेनेचा गणवेश घालून बोलली. तोवर मिलांद कर्जात बुडत चालले होते. नवरा आधीच वेगळा झाला होता. वाड्याचा लिलाव झाला आणि १९६९ मध्ये तिला बाहेर काढण्यात आले. स्वयंपाकघराच्या पायरीवर पावसात बसलेल्या या बाईचे छायाचित्र जगभर छापले गेले. मोनॅकोच्या राजघराण्याने आधार दिला आणि मुलांना छप्पर मिळाले. पोट भरण्यासाठी ती पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. १९७५ च्या एप्रिलमध्ये पॅरिसला नव्या कार्यक्रमाचा पडदा उघडला आणि चारच दिवसांनी, १२ एप्रिलला, ती गेली.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी फ्रान्सने तिला पॅन्थिऑनमध्ये स्थान दिले. हा मान मिळालेली ती पहिली काळी स्त्री. देह मोनॅकोतच राहिला. शवपेटीत सेंट लुईस, पॅरिस, मिलांद आणि मोनॅकोची माती होती. समारंभाला तिची काही मुले हजर होती. आता त्यांचेही केस पिकले होते.