पंडिता रमाबाई : समाजासाठी प्रार्थना

प्रस्तावना

मागील घटकात आपण मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या सर्वनामांतील भेद पाहिला. ‘आम्ही’मधून ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावतो. बोलणारा स्वतःला कोणात मोजतो, हा प्रश्न व्याकरणापुरता राहत नाही. माणसाच्या चरित्रातही तो उभा राहतो. या घटकात पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनाचा परिचय करून घेताना त्यांच्या प्रार्थनेच्या संदर्भात त्याचा विचार करू.

जीवनाचा पूर्वार्ध

रमाबाईंचा जन्म कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. तीर्थाटन आणि पुराणकथन यांवर चालणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले व आईवडील दगावले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे बंधूंचे निधन, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि १८८२ मध्ये वैधव्य, एवढे सारे अवघ्या दोन वर्षांत घडले. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्ग त्यामुळे दुखावला. दुसरीकडे, चर्चची प्रत्येक शिकवण निमूटपणे मान्य न केल्याने वाँटेजच्या धर्मभगिनींशीही त्यांचे मतभेद झाले. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यात आले. काही विद्यार्थिनी ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या कारणावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला आणि अनेक हिंदू हितचिंतकांनी संस्थेशी संबंध तोडले. जुन्या समाजाने दूर केलेल्या रमाबाई नव्या समाजातही कोणत्या एका पंथात पुरत्या सामावल्या नाहीत.

धर्मांतरानंतर ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु ख्रिस्ताची अनुभूती मात्र १८९१च्या सुमारास आली, असे त्यांनी पुढे सांगितले. इथवर त्यांचा शोध व्यक्तिगत होता.

केडगावची प्रार्थना

१८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांच्या निवाऱ्यासाठी दौंडजवळच्या केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शेती, विणकाम, छपाई अशी कामे या स्त्रिया शिकल्या.

ऑस्ट्रेलिया आणि वेल्स येथील सामूहिक प्रार्थनांची वार्ता रमाबाईंपर्यंत पोहोचली होती. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी आश्रमातील मुलींना आवाहन केले : रोज एकत्र येऊन भारतातील सर्व ख्रिस्ती जनांच्या खऱ्या परिवर्तनासाठी आणि जगातील सर्व ख्रिस्ती समाजासाठी प्रार्थना करावी. प्रारंभी सुमारे ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० झाली. त्या महिन्याच्या अखेरीस केडगावात मोठी धार्मिक जागृती झाली आणि तिचे पडसाद इतर मिशन केंद्रांतही उमटले.

या आवाहनातील दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली : ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची त्या सर्वांत रमाबाईंनी स्वतःची आणि मुलींचीही गणना केली. समाज बिघडला आहे व आम्ही त्याच्यासाठी रदबदली करतो, अशी ही भूमिका नव्हती. उणीव सर्वांची, म्हणून मागणेही सर्वांचे. दुसरी : प्रार्थना करणाऱ्या कोण होत्या? दुष्काळातून वाचलेल्या, कित्येक विधवा, इतरांच्या दानावर जगलेल्या स्त्रिया. आजवर त्या घेणाऱ्या होत्या. या प्रार्थनेत त्या प्रथमच इतरांना काही देणाऱ्या झाल्या. कोणत्याही एका पंथाच्या नसलेल्या रमाबाईंना सर्व पंथांसाठी मागता आले, हेही लक्षणीय आहे.

उत्तरायुष्य

हीच दृष्टी त्यांच्या बायबलच्या भाषांतरातही दिसते. अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून त्यांनी ते सोप्या मराठीत उतरविले. १९२१ मध्ये मनोरमा निवर्तली; तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

सारांश

स्वतःसाठी मागणे स्वाभाविक आहे आणि रमाबाईंच्या शोधाचा आरंभही तेथूनच झाला. मात्र ज्या समाजात त्यांना पूर्ण जागा मिळाली नाही, त्याच्यासाठीही त्यांनी मागितले आणि मागताना स्वतःला त्याच्याबाहेर ठेवले नाही. त्यांच्या प्रार्थनेचे मोल या कृतीत आहे.

स्वाध्याय

१. १९०५ च्या आवाहनात रमाबाईंनी स्वतःचा समावेश का केला असावा? स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. मुक्ती सदनातील स्त्रियांच्या दृष्टीने सामूहिक प्रार्थनेचे महत्त्व विशद करा.

क्षेत्रीय कार्य : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात विविध प्रांतांतून आलेले कामगार राहतात. आपल्या वसाहतीतील कोणत्याही धर्माच्या एका मराठी सामूहिक प्रार्थनेस अनुमती घेऊन उपस्थित राहा. तीत ‘मी’, ‘आम्ही’, ‘आपण’, ‘सर्व’ हे शब्द कोणासाठी योजले जातात आणि कोण वगळले जाते, याची नोंद करा.