मास्टरमोशाय नंदलाल बोस

मोठा चित्रकार हा मोठा शिक्षक असतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्या शैलीची सावली शिष्यांवर इतकी दाट पडते की, शिष्यांची चित्रे म्हणजे गुरूच्या चित्रांच्या फिकट प्रती होऊन बसतात. आचार्य नंदलाल बोस यांचे जीवन या नियमाला अपवाद ठरले.

नंदबाबूंचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात खरगपूर येथे झाला. महाविद्यालयाच्या पुस्तकी अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. अखेर ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य झाले. १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत त्यांनी आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. ज्यांनी आपली नावेही मागे ठेवली नाहीत, अशा कलावंतांची जिवंत रेषा त्यांनी तेथे जवळून अभ्यासली. परंपरा ही गिरवण्यासाठी नसून पचवण्यासाठी असते, ही त्यांच्या पुढील अध्यापनाची बैठकच होती.

रवींद्रनाथांनी १९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवन सुरू केले. लवकरच त्याची धुरा नंदबाबूंकडे आली आणि १९५१ पर्यंत त्यांनी ती वाहिली. विद्यार्थी त्यांना आदराने व आपुलकीने 'मास्टरमोशाय' म्हणत. निसर्ग, परंपरा आणि स्वतःची प्रतिभा या तिन्हींचा मेळ जमल्याशिवाय कला उभी राहत नाही, असे ते मानीत. म्हणून त्यांचा वर्ग चार भिंतींत मावत नसे. विद्यार्थी संथाळ पाड्यांवर जात, झाडे, गुरे, कामकरी माणसे न्याहाळीत आणि रेखाटने करीत. स्वतः मास्टरमोशायही लहान लहान कार्डांवर सतत रेखाटत असत. उत्सवातील अल्पना, नाटकाचा रंगमंच, बाटिक, चर्मकाम यांना त्यांनी चित्राइतकाच मान दिला. गुरुशिष्य मिळून भिंती रंगवीत, आणि शिकवण्याचा मोठा भाग या सहवासातच उरके.

या विचाराची कसोटी महाराष्ट्राच्या भूमीवरही लागली. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्याच्या सजावटीचे काम गांधीजींनी नंदबाबूंवर सोपवले. बांबूसारख्या गावातच मिळणाऱ्या साध्या साहित्यातून त्यांनी तेथे शोभा उभी केली. कला ही श्रीमंतांच्या दिवाणखान्याची मिरास नाही, हे विद्यार्थ्यांना सांगण्याचा याहून चांगला पाठ कोणता असेल?

परंतु त्यांच्या अध्यापनाचा खरा पुरावा म्हणजे त्यांचे शिष्य. जन्मापासून दृष्टी अधू असलेल्या विनोदबिहारी मुखर्जींनी हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे भव्य भित्तिचित्र साकारले. नंदबाबूंची ओढ जलरंग, टेंपेरा आणि भित्तिचित्र यांकडे होती, तर रामकिंकर बैज तैलरंगाकडे वळले. पुढे सिमेंट-काँक्रीटमधून त्यांनी उघड्या माळावर 'संथाळ परिवार' हे शिल्प उभारले. सत्यजित राय १९४० मध्ये आले, १९४२ मध्ये अभ्यासक्रम पुरा न करताच गेले आणि चित्रपटाचे दिग्दर्शक झाले. यांपैकी एकाचेही काम नंदलालांच्या कामाची नक्कल वाटत नाही. गुरूची आवड एक आणि शिष्याची वाट दुसरी, हे सोसणे सोपे नसते. नंदबाबूंनी ते सोसले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेची मूळ प्रत त्यांनी शिष्यांसह सजवली. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपण गुण, श्रेणी आणि तयार टिपणे यांत गुरफटलो आहोत. विद्यार्थी गुरूला आवडेल असे उत्तर शोधतो आणि गुरूलाही आपलेच शब्द उत्तरपत्रिकेत वाचण्यात समाधान वाटते. विषय चित्रकलेचा असो वा इतिहासाचा, शिष्याला आपल्यासारखा करावयाचा की त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास शिकवावयाचे, हा प्रश्न प्रत्येक वर्गात उभा आहे. मास्टरमोशायांनी त्याचे उत्तर तीस वर्षे आपल्या आचरणातून दिले.