विश्लेषण : एका बाटलीने घेतले १९ बळी, हाफकिन खरेच दोषी होते का?

किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात साप चावला, की दवाखान्यात पहिला प्रश्न असतो प्रतिविष आहे का. हे औषध बनवणाऱ्यांत परळच्या ‘हाफकिन’चे नाव जुने. मात्र ज्यांचे हे नाव, त्या वाल्डेमार हाफकिन यांना १९ मृत्यूंचा ठपका ठेवून पदावरून दूर करण्यात आले होते.

पहिली सुई स्वतःला

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा ते भारतातच होते. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस बनली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तीही स्वतःला टोचून घेतली, नेहमीच्या मात्रेपेक्षा जास्त. नंतर भायखळा तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना ती दिली आणि न टोचलेल्या कैद्यांशी तुलना केली. कैद्याची संमती कितपत मोकळी, हे आजच्या नैतिकता समितीने नक्कीच विचारले असते.

मुलकोवालमध्ये काय घडले?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. त्यातील एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. सगळे दगावले.

लस मुंबईहून आली होती. तिथे निर्जंतुकीकरणासाठी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरायला सुरुवात झाली होती. पॅरिसमध्ये ही पद्धत रुळलेली, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांना नवी. चौकशीने त्यावरच बोट ठेवले.

मात्र बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीच झाले नव्हते. एवढा पुरावा समोर असताना दोष प्रयोगशाळेवर ढकलणे, ही चौकशी करणाऱ्यांची बेजबाबदारी होती.

पुढे काय झाले?

लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावे पुन्हा तपासले. मलेरिया आणि डासांचा संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. पण परळची प्रयोगशाळा परत मिळाली नाही. काम मिळाले ते कलकत्त्यात. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते युरोपात होते. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.