सुभेदार मल्हारराव आणि इंदूरचा राजवाडा

नीरेकाठच्या होळ गावी १६९३ मध्ये मल्हारराव होळकरांचा जन्म झाला. पितृछत्र बालपणीच हरपल्यामुळे मातोश्रींनी त्यांना खानदेशात तळोदे येथे आपले बंधू भोजराज बारगळ यांच्याकडे नेले. मामांच्या पदरी घोडेस्वारांचे पथक होते. मेंढरे राखणाऱ्या भाच्याच्या हाती तेथेच भाला आला. मामांची कन्या गौतमाबाई त्यांची सहधर्मचारिणी झाली. पुढे बाजीराव पेशव्यांच्या माळव्यातील मोहिमांत त्यांचा उत्कर्ष झाला, आणि १७३४ मध्ये गौतमाबाईंस खासगी जहागीर मिळाली.

इंदूर मल्हाररावांनी वसविले, असे आपण मराठी मंडळी अभिमानाने सांगतो. परंतु तेथील पेठ जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी आधीच वाढविली होती. मल्हाररावांनी तिला राजवाडा दिला. १७४७ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले. वाडा सातमजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. लोखंडी खिळ्यांच्या भव्य कवाडांतून आत शिरावे तो प्रशस्त चौक आणि भोवती ओसऱ्या, हे रूप अस्सल मराठी; झरोके आणि छत्र्या मात्र राजपुतान्याच्या, कमानी मोगली वळणाच्या. पुण्याकडील वाडा बाहेरून भिंत दाखवितो आणि आपले वैभव आतल्या चौकांत राखतो. इंदूरचा वाडा भर बाजाराकडे तोंड करून उंच उभा आहे. नव्या मुलुखात सत्ता रुजविणाऱ्या सरदारास घरानेही लोकांच्या नजरेत भरावे, असे वाटले असावे.

त्या घरात त्यांना स्वस्थता फारशी लाभली नाही. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात एकुलते पुत्र खंडेराव पडले. सती जाण्यास सिद्ध झालेल्या सुनेस, अहिल्याबाईंस, सासऱ्यांनी परावृत्त केले आणि कारभारात तयार केले. मल्हाररावांच्या चरित्रातील हे कर्तृत्व मला त्यांच्या लढायांहून मोठे वाटते. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे छावणीतच त्यांचे देहावसान झाले.

अहिल्याबाईंनी राजधानी महेश्वरास नेली. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले व वाडा जाळला. मंदसोरच्या १८१८ च्या तहानंतर इंदूर राजधानी झाले आणि दिवाण तात्या जोगांच्या कारकिर्दीत वाडा पुन्हा उभा राहिला. १९८४ च्या दंगलीत मागील भाग भस्मसात झाला, दर्शनी भाग वाचला. जळालेला भाग पुढे नव्याने बांधण्यात आला. होळकरांच्या कुलदैवताचे, मल्हारी मार्तंडाचे, मंदिर तेथेच आहे.