बॉयलर का फुटतो, याचं गणित मांडणारे विल्यम फेअरबेर्न

दसरा-दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमधून एकच बातमी येत असते, बॉयलर अग्निप्रदीपन समारंभाची. पूजा होते, चेअरमन आणि संचालक मंडळाचे फोटो निघतात आणि गळीत हंगामाची तयारी सुरू होते. पण या सोहळ्यामागे एक कागद असतो, ज्याचा फोटो कुणी काढत नाही. तो म्हणजे बॉयलर तपासून दिलेलं सरकारी प्रमाणपत्र. ते नसेल तर बॉयलर चालवता येत नाही.

त्या प्रमाणपत्रामागे नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं. पत्रा किती जाड हवा, जोड किती मजबूत धरायचा, आतल्या नळीला आधार कुठे द्यायचा, जास्तीत जास्त दाब किती ठेवायचा, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. आपल्याकडच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये या नियमांना सगळे ‘आयबीआर’ म्हणूनच ओळखतात. रिअॅक्टर, गॅसच्या टाक्या अशा प्रेशर व्हेसलसाठी अमेरिकेचा एएसएमई कोड वापरला जातो.

हे नियम एका माणसाने एका दिवसात लिहिलेले नाहीत. पण त्यातले काही मूळ प्रश्न पहिल्यांदा प्रयोगशाळेत नेऊन, लोखंड तोडून आणि नळ्या चेमटवून मोजले ते विल्यम फेअरबेर्न यांनी. शेतमजुरी करणाऱ्या घरातला, शाळा अर्धवट सुटलेला हा मुलगा पुढे ब्रिटनमधला नावाजलेला इंजिनियर झाला.

कोळशाच्या खाणीत झालं शिक्षण

विल्यम यांचा जन्म 19 फेब्रुवारी 1789 रोजी स्कॉटलंडमधल्या केल्सो गावात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. चौदाव्या वर्षी विल्यम केल्सोच्या नव्या पुलाच्या कामावर मजुरीला लागला. तिथे पायावर दगड पडून जखम झाली आणि ते काम सुटलं.

1804 मध्ये कुटुंब इंग्लंडच्या न्यूकॅसल परिसरात होतं. तिथल्या पर्सी मेन कोळसा खाणीत विल्यम सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. काम मिलराइटचं. मिलराइट म्हणजे गिरणीची चाकं, दांडे, पंप बसवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर. तेव्हा मेकॅनिकल इंजिनियर असा वेगळा पेशा नव्हताच, हेच लोक त्या काळातले इंजिनियर होते.

दिवसभर काम झाल्यावर बाकीचे दारूच्या गुत्त्यावर जायचे. विल्यमने मात्र आठवड्याचं वेळापत्रक आखलं होतं. एका संध्याकाळी अंकगणित, एका संध्याकाळी इतिहास, एका संध्याकाळी भूमिती, मध्ये एखादा दिवस कादंबऱ्यांसाठी. पुस्तकं नॉर्थ शील्ड्सच्या वाचनालयातून यायची.

याच काळात त्याची एका तरुणाशी मैत्री झाली. तो जवळच एका इंजिनावर कामाला होता. त्याला वरकमाई करता यावी म्हणून विल्यम काही तास त्याचं इंजिन सांभाळायचा आणि तो मित्र तेवढ्या वेळात जहाजांमधली भरताड माती उपसायला जायचा. त्या मित्राचं नाव जॉर्ज स्टीफन्सन. पुढे रेल्वेच्या इतिहासात ज्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, तेच हे.

मॅंचेस्टर आणि भाड्याची शेड

उमेदवारी संपल्यावर फेअरबेर्न 1811 मध्ये लंडनला गेले, तिथून डब्लिनला आणि 1813 मध्ये मॅंचेस्टरला. जगातली सर्वात मोठी कापड नगरी तेव्हा तिथे उभी राहत होती. 1817 मध्ये त्यांनी जेम्स लिली या सहकाऱ्याबरोबर भागीदारी केली. भांडवल जवळपास शून्य. आठवड्याला 12 शिलिंग भाड्याने एक शेड घेतली आणि एक लेथ तयार केलं. ते फिरवायला वाफेचं इंजिन परवडणारं नव्हतं, म्हणून एक धट्टाकट्टा मजूर ते हाताने फिरवायचा.

त्यांना नाव मिळालं गिरणीतल्या दांड्यांमुळे. तेव्हा इंजिनाची ताकद प्रत्येक यंत्रापर्यंत नेण्यासाठी छताखालून जाड, जड दांडे सावकाश फिरायचे. फेअरबेर्न यांनी ते हलके केले आणि वेगाने फिरवले. यंत्रं जास्त चालली, ताकद कमी वाया गेली. मॅंचेस्टरच्या बड्या गिरण्यांची कामं त्यांच्याकडे येऊ लागली. पुढे लोखंडी जहाजं आणि 1839 पासून रेल्वे इंजिनंही त्यांच्या कारखान्यात बनू लागली.

या सगळ्याच्या मुळाशी होता बॉयलर. आणि बॉयलर फुटत होते.

फुटला की ‘देवाची करणी’

जेम्स वॉटच्या काळात इंजिनं अगदी कमी दाबाच्या वाफेवर चालायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरणीमालकांना त्याच कोळशात जास्त काम हवं होतं. त्यासाठी जास्त दाब हवा होता. काही गिरण्यांत तो चौरस इंचाला 40-50 पौंडांपर्यंत गेला. बॉयलर बनवणारे मात्र जुन्याच अंदाजाने पत्रे जोडत होते.

बॉयलर फुटला की पाण्याची एका क्षणात वाफ व्हायची. भिंती कोसळायच्या, कामगार भाजून मरायचे. मग चौकशीत बहुतेकदा अपघाती मृत्यू असा निकाल लागायचा. कुणी म्हणायचं आत स्फोटक वायू तयार झाला, कुणी विजेला दोष द्यायचं, कुणी बॉयलरवाल्या कामगाराला.

फेअरबेर्न यांचं म्हणणं साधं होतं. बॉयलर गूढ कारणाने फुटत नाही. त्याच्या ताकदीपेक्षा आतला दाब जास्त झाला की तो फुटतो. मग प्रश्न उरतो तो एवढाच की त्याची ताकद नेमकी किती आहे.

जोड म्हणजे 56 टक्के

तेव्हा वेल्डिंग नव्हतं. लोखंडी पत्रे एकमेकांवर चढवून, भोकं पाडून, त्यात तापलेले रिव्हेट ठोकून बॉयलर बनायचा. 1837 मध्ये फेअरबेर्न यांच्या कारखान्यात बॉयलर कामगारांनी संप केला. त्याला उत्तर म्हणून त्यांनी रिव्हेट ठोकणारं यंत्रच बनवलं. जोड घट्ट बसू लागले, पण माणसांचं काम यंत्राने घेतलं. मालक म्हणून त्यांची ही बाजूही विसरता येत नाही.

त्याच सुमारास, 1838-39 मध्ये त्यांनी रिव्हेटचे जोड ताणून तोडायला सुरुवात केली. मोजल्यावर आकडे असे आले. अखंड पत्र्याची ताकद 100 धरली, तर दोन ओळी रिव्हेट असलेल्या जोडाची ताकद 70 आणि एका ओळीच्या जोडाची फक्त 56. कारण उघड आहे. जिथे भोकं पडतात तिथे पत्रा कमी उरतो.

याचा अर्थ, पत्रा कितीही चांगला असला तरी बॉयलर त्याच्या जोडाइतकाच मजबूत. हे आकडे 1850 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले आणि अनेक दशकं इंजिनियर ते वापरत राहिले.

आज वेल्डिंग आलं, पण हिशोबाची पद्धत तीच आहे. एएसएमई कोडमध्ये पत्र्याची जाडी काढताना जोडाची कार्यक्षमता म्हणून एक आकडा घालावा लागतो. दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेल्या जोडाचा पूर्ण एक्स-रे काढला तर तो 1, नमुन्यापुरताच काढला तर 0.85 आणि काढलाच नाही तर 0.70. म्हणजे तपासणी कमी, तर पत्रा जाड.

जोड कुठे आहे, हेही महत्त्वाचं. लांब नळकांड्यात आतून दाब दिला तर त्याच्या घेरावर येणारा ताण लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. त्यामुळे बॉयलर बहुतेकदा उभा चिरतो, म्हणजे लांबीच्या दिशेने फाटतो. फेअरबेर्न यांनी ही गोष्ट बॉयलरवाल्यांना पुन्हा पुन्हा सांगितली. लांबीच्या दिशेने जाणारा जोड सर्वात जास्त जपायला हवा. आणि बॉयलरचा व्यास दुप्पट केला, तर त्याच दाबासाठी पत्राही दुप्पट जाड लागतो.

स्वतःच्याच बॉयलरची दुखरी जागा

1844 मध्ये फेअरबेर्न यांनी जॉन हेदरिंग्टन यांच्यासोबत एका नव्या बॉयलरचं पेटंट घेतलं. आडव्या नळकांड्याच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन नळ्या, प्रत्येकीच्या तोंडाशी भट्टी आणि भोवती पाणी. दोन भट्ट्यांत आळीपाळीने कोळसा टाकायचा, म्हणजे धूर कमी होतो. हाच तो प्रसिद्ध लँकेशायर बॉयलर. मुंबईच्या गिरणगावातल्या उंच चिमण्यांच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं हेच बॉयलर धगधगत होते.

पण इथेच एक नवा प्रश्न होता. बाहेरच्या नळकांड्यावर आतून दाब येतो. आतल्या नळ्यांवर मात्र चारही बाजूंनी, बाहेरून दाब येतो. त्या फुटत नाहीत, चेमटतात. नळीचा व्यास लहान, म्हणजे ती सुरक्षित, असं बहुतेकांनी धरून चाललं होतं.

फेअरबेर्न यांनी वेगवेगळ्या जाडीच्या, व्यासाच्या आणि लांबीच्या नळ्या बंद भांड्यात ठेवून बाहेरून दाब दिला आणि त्या कधी चेमटतात ते नोंदवलं. 1858 मध्ये निष्कर्ष मांडले. नळी जितकी लांब, तितक्या कमी दाबाला ती चेमटते. लांबी दुप्पट केली तर ताकद साधारण निम्मी.

आतून येणाऱ्या दाबाच्या हिशोबात लांबीला काही किंमत नसते. बाहेरून येणाऱ्या दाबात तीच निर्णायक ठरते. म्हणजे गिरण्यांमध्ये चालणाऱ्या लांब नळ्यांच्या बॉयलरची, ज्यात त्यांचा स्वतःचा बॉयलरही आला, कमकुवत जागा त्यांनीच उघड केली.

उपायही त्यातूनच निघाला. नळीवर ठरावीक अंतराने मजबूत कडी बसवायची. मग दाबाच्या दृष्टीने ती एक लांब नळी राहत नाही, अनेक आखूड नळ्या होतात. पुढच्या संशोधकांनी त्यांचं सूत्र सुधारलं. पण आजही व्हॅक्यूममध्ये चालणारी टाकी डिझाइन करताना आधी लांबी आणि व्यासाचं गुणोत्तर काढतात आणि गरज पडली तर बाहेरून कडी लावतात.

तपासणी हवी, पण सरकार नको

1854 मध्ये मॅंचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात एका गिरणीचा बॉयलर फुटला आणि कामगारांचे जीव गेले. चौकशीत फेअरबेर्न यांनी साक्ष दिली. त्याच वर्षी मॅंचेस्टरमध्ये गिरणीमालक आणि इंजिनियर एकत्र आले आणि बॉयलर स्फोट रोखण्यासाठी एक संघटना काढली. पुढे ती मॅंचेस्टर स्टीम युजर्स असोसिएशन म्हणून ओळखली गेली. फेअरबेर्न तिच्या प्रमुख संस्थापकांपैकी एक होते.

कल्पना अशी की मालकांनी वर्गणी भरायची, संघटनेचे निरीक्षक ठरावीक काळाने बॉयलर तपासणार, गंजलेला पत्रा, अडकलेला सेफ्टी व्हॉल्व्ह, जास्त ठेवलेला दाब दाखवून देणार. आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा कारखान्याबाहेरच्या माणसाने येऊन मालकाला दाब कमी करायला सांगणं ही नवलाई होती. 1858 मध्ये मॅंचेस्टरमध्येच बॉयलरचा विमा उतरवणारी कंपनी निघाली. हेच वारं अमेरिकेत पोहोचलं आणि 1866 मध्ये हार्टफर्ड शहरात तपासणी आणि विमा एकत्र करणारी कंपनी उभी राहिली.

पण या कल्पनेला एक मोठी मर्यादा होती. सगळं ऐच्छिक होतं. गिरणीमालकांना सरकारी निरीक्षक नको होता. जो मालक काळजी घेणारा होता, तो संघटनेत यायचा. ज्याचा बॉयलर सर्वात धोकादायक होता, त्याच्यावर कुणाचीच सक्ती नव्हती. देशभरातल्या बॉयलरांच्या मानाने संघटनेच्या यादीतले बॉयलर थोडेच राहिले आणि बाहेरचे फुटत राहिले.

मान मिळाला, कायदा नंतर आला

फेअरबेर्न यांचं काम बॉयलरपुरतं नव्हतं. वेल्समधल्या कॉनवे आणि ब्रिटानिया या रेल्वे पुलांच्या प्रचंड लोखंडी नळ्यांसाठी त्यांनी प्रयोग केले. त्यावरून जॉर्ज स्टीफन्सन यांचा मुलगा रॉबर्ट यांच्याशी श्रेयाचा वाद झाला आणि त्यांनी ते काम सोडलं. मोडण्याइतका नसलेला भारही पुन्हा पुन्हा दिला तर लोखंडी तुळई तुटते, हेही त्यांनी 1860 च्या दशकात प्रयोगाने दाखवलं. 1861 मध्ये ते ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी देऊ केलेला ‘सर’ किताब त्यांनी नाकारला, पण 1869 मध्ये बॅरोनेट हा किताब स्वीकारला. 18 ऑगस्ट 1874 रोजी त्यांचं निधन झालं.

प्रत्येक बॉयलर स्फोटाची चौकशी सक्तीची करणारा ब्रिटिश कायदा आला 1882 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. ठरावीक काळाने तपासणीची सक्ती कारखान्यांवर व्हायला तर 1901 साल उजाडलं.

गंमत म्हणजे तपासणीच्या कायद्याच्या बाबतीत कलकत्ता पुढे होतं. तिथे 1863 मध्ये मोठा स्फोट होऊन अनेकजण दगावले आणि पुढच्याच वर्षी बंगालने शहर आणि उपनगरांतल्या बॉयलर तपासणीचा कायदा केला. पुढे प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे झाले. एका प्रांतात चालणारा बॉयलर दुसऱ्या प्रांतात अडायचा. म्हणून 1923 मध्ये देशासाठी एकच कायदा आला आणि 1950 मध्ये आयबीआर. 2025 मध्ये त्या जुन्या कायद्याची जागा नव्या बॉयलर कायद्याने घेतली.

अमेरिकेतही धडा अपघातानेच दिला. 1905 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन इथे बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटून 58 जण गेले. 1907 मध्ये त्या राज्याने नियम केले आणि 1915 मध्ये एएसएमईचा पहिला बॉयलर कोड छापून आला.

म्हणजे दोन गोष्टी लागल्या. बॉयलर का फुटतो याचं गणित, आणि ते गणित पाळायला लावणारी सक्ती. पहिल्या गोष्टीचा मोठा वाटा फेअरबेर्न यांनी हयातीतच उचलला होता. दुसरी मालकांच्या मर्जीवर सोडली गेली, आणि तेवढी वर्षं तिची किंमत बॉयलरशेजारी उभ्या असलेल्या कामगारांनी मोजली.