श्रीचक्रधर स्वामी

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरात सॉक्रेटिस नावाचा थोर तत्त्वज्ञ होऊन गेला. बाजारात, रस्त्यात, जो भेटेल त्याच्याशी तो ज्ञानाच्या गोष्टी बोलत असे. स्वतः त्याने एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याचे विचार जगाला कळले ते प्लेटो आदी शिष्यांच्या लेखणीतून. असेच एक लोकगुरू तेराव्या शतकात आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. ते म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधर स्वामी होत.

स्वामींचे मूळ नाव हरिपाळदेव. गुजरातेतील भडोच येथील एका प्रधानाच्या घरी ते वाढले. घरी वैभवाला तोटा नव्हता. परंतु त्यांचे मन त्यात रमेना. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले. वाटेत ऋद्धपूर येथे त्यांना श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन घडले आणि त्यांच्या जीवनाला निराळेच वळण लागले. राजवस्त्रे गेली, परिवार गेला. उरली ती पायांखालची वाट. अनेक वर्षे ते रानावनांतून आणि खेड्यापाड्यांतून एकटेच हिंडले. या भ्रमंतीत ते भंडाऱ्यासही आले होते. गोंदिया जिल्हा 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. तेव्हा आपल्या या झाडीच्या मुलखाशीही त्यांचे नाते आहे.

पुढे पैठण येथे राहून त्यांनी उपदेशास आरंभ केला. त्या काळी शास्त्रज्ञान संस्कृतात बंदिस्त होते. स्त्रिया आणि सामान्य जन यांना त्याचे दार मिटलेले होते. स्वामींनी ते दार उघडले. ते स्वतः गुजरातचे. पण येथील माणसांशी ते येथल्याच मराठीत बोलले. नागदेव, म्हाइंभट यांच्याप्रमाणेच बाइसा, महदाइसा यांसारख्या स्त्रियाही त्यांच्या शिष्यपरिवारात होत्या. महदाइसा तर फारच चौकस. तिच्या प्रश्नांनी स्वामी कधी त्रासले नाहीत.

कठीण विषय सोप्या दृष्टांताने सांगण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. काही जन्मांध माणसे हत्ती पाहावयास गेली. ज्याच्या हाती पाय लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटला. ज्याच्या हाती कान लागला त्याला तो सुपासारखा वाटला. प्रत्येकाचा अनुभव खरा होता; पण तो अपुरा होता. डोळस माणसालाच सबंध हत्ती दिसला. एवढ्याशा गोष्टीतून स्वामींनी अपुऱ्या ज्ञानाचा अभिमान किती फोल असतो, हे दाखवून दिले.

त्यांचा उपदेश नुसता बोलण्यापुरता नव्हता. एकदा शिकारी कुत्र्यांच्या भयाने पळत आलेला एक ससा त्यांच्या मांडीखाली शिरला. पाठोपाठ पारधी आले आणि ससा मागू लागले. शरण आलेल्या जिवाला स्वामींनी दूर लोटले नाही. अखेर पारधी आपला हट्ट सोडून निघून गेले. मग स्वामींनी सशाला मोकळे केले.

पंथाच्या परंपरेनुसार इ. स. 1274 च्या सुमारास स्वामी उत्तरेकडे निघून गेले. शिष्य पोरके झाले. नागदेव गुरूंच्या आठवणी मनातल्या मनात घोळवीत बसत. ते पाहून म्हाइंभटांच्या मनात आले, की ही माणसे गेल्यावर या आठवणींचे काय होणार? म्हाइंभट मोठे पंडित होते. एके काळी ते स्वामींशी वाद घालण्यास आले होते. तेच आता गावोगाव हिंडू लागले. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्याच तोंडून ऐकावे, पारखून घ्यावे आणि मग लिहावे, असा त्यांनी नेम धरला. या परिश्रमातून सुमारे 1278 मध्ये 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. हाच मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ मानला जातो. पुढे परचक्राच्या धामधुमीत त्याची मूळ प्रत नाहीशी झाली; परंतु शिष्यांनी पाठ असलेल्या लीळा आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला.

केशिराज हे दुसरे विद्वान शिष्य. त्यांना संस्कृतात ग्रंथरचना करण्याची इच्छा होती. नागदेवांनी त्यांना थांबविले. पंथातल्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायकांना ते संस्कृत कसे समजणार, ही त्यांची चिंता होती. गुरूंचे ज्ञान त्यांच्यापासून हिरावले जाऊ नये, म्हणून केशिराजांची विद्वत्ता मराठीच्या सेवेस लागली. स्वामींची वचने त्यांनी 'सूत्रपाठा'त, तर दृष्टांत 'दृष्टांतपाठा'त गोळा केले.

ज्या ऋद्धपुरी ही माणसे एकत्र जमत, तेथे 2024 साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. स्वामींनी एक अक्षरही लिहिले नाही; तरी साडेसातशे वर्षांनंतर त्यांचे बोल आपण वाचू शकतो. गुरूने लोकांच्या भाषेत सांगितले आणि शिष्यांनी ते प्रामाणिकपणे जपले, म्हणूनच हे घडले. आपल्या घरातील आजी-आजोबांजवळही अशा कितीतरी आठवणी असतील. त्या विचारून, पारखून, आपल्या वहीत उतरवून ठेवणे हे आपल्यालाही सहज करता येण्याजोगे काम आहे.

अभ्यास
1. नागदेवांनी केशिराजांना संस्कृतात लिहिण्यापासून का थांबविले?
2. 'लीळाचरित्र' लिहिताना म्हाइंभटांनी कोणता नेम धरला होता?
3. हत्तीच्या दृष्टांताचे तात्पर्य आपल्या शब्दांत लिहा.